कुंपणावरून सोडलेल्या गोगलगायी

समुद्रकाठच्या आमच्या टिलामुक गावात ऑक्टोबर लागला की पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि बिनशंखाच्या गोगलगायी बाहेर पडतात. बोटाएवढ्या, शेंबडासारखा माग सोडणाऱ्या. जन्म गेला त्या बघण्यात, तरी पायाखाली आली की अजून बूट गवतावर घासून घासून पुसावा लागतो.

त्या वर्षी माझी धाकटी बहीण आयडा हिने आईच्या केलचं उरलंसुरलं बी पेरलं. ही पालेभाजी हिवाळाभर उभी राहते आणि वसंतात फुलून बी धरते. रोपं गेली असती तर आईचं वाण संपलं असतं.

रोज उजाडताना पानांची चाळण झालेली असायची. आयडा वाफ्यात फळ्या टाकून ठेवी. गोगलगायी रात्री खाली दडत, सकाळी फळी उलटून ती त्यांना साबणाच्या पाण्यात ढकली. बादलीतला तो फुगलेला लगदा पाहिला की मला न्याहारी जात नसे. तरी त्या कमी होईनात.

मग एकदा कारण दिसलं. शेजारचा क्लेटन ॲरिझोनाच्या कोरड्या मुलखातून नुकताच आला होता. तोही फळ्या ठेवी. पण सापडलेली एकेक गोगलगाय चमच्याने उचलून, पाखरू सोडावं तशी, कुंपणावरून आमच्याकडे सोडत होता. आयडाने हटकलं तेव्हा म्हणाला, जीव घेणं त्याला जमत नाही, आणि आमच्याकडे झाडोरा दाट, तिथे त्या सुखात राहतील.

"सुखातच आहेत की. माझ्या आईचं वाण खातायत," आयडा म्हणाली.

तो ओशाळला. दुकानातून नवं बी आणून देतो म्हणाला. आयडा घरातून कात्री घेऊन आली आणि त्याला भुरभुर पावसात वाफ्याशी उभं केलं. एक पान उलटलं; खाली एक गोगलगाय चिकटून होती.

"सोडल्यास ना तू, आता काप तूच."

"आयडाबाई, माझ्याने नाही व्हायचं."

"माझ्याने तरी कुठे होतं? पण करते."

त्याने डोळे मिटून कात्री चालवली. आतला हिरवट गर त्याच्या अंगठ्यावर आला. तो वळला आणि कुंपणाशी जाऊन भडाभडा ओकला. मीही तोंड फिरवलं.

"तोंड पूस, आणि पुढचं पान उलट," आयडा म्हणाली.

हिवाळाभर तो येत राहिला. वसंतात मोजक्या रोपांना पिवळी फुलं आली आणि आयडाने बी धरलं. क्लेटन मात्र केल तोंडात घालत नाही. खरं सांगायचं तर माझ्याही घशाखाली ती उतरत नाही.