छत्तीसची कंबर

बाबांचं पोट बिघडलं तेव्हा आम्ही ते हसण्यावारी नेलं. आमचं शिंपीकाम, दुकानात दोनच मशिनी, एक त्यांची, एक माझी, आणि संडास मागच्या अंगणापलीकडे. बाबा गिऱ्हाइकाचं माप अर्धवट टाकून धावायचे आणि उरलेलं मी घ्यायचे.

"सकाळपासून पाचवी फेरी," मी चिडवायचे.

"तू मोजत बस."

जुलाब थांबवायच्या गोळ्या बटणांच्या डब्यातच असायच्या. गोळी घेतली की दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, "पोटच आहे, बिघडतं." मीही खनपटीला बसले नाही. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर होतं ना!

महिन्याभरात त्यांची पँट घसरायला लागली. दुसऱ्या कुणी वजनकाटा आणला असता. आमचा हात सुईकडे गेला. मी कंबर आत घेतली.

"जादाचं कापड कापू नकोस हं," बाबा म्हणाले. "अंगावर मांस चढलं की उसवता येईल."

पुढच्या महिन्यात पुन्हा आत घेतली, त्यानंतर पुन्हा. "आता मागचे खिसे एकमेकांना भेटायला लागलेत," मी म्हटलं आणि आम्ही दोघं हसलो. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

रक्त दिसलं तेव्हा कुठे दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" बाबा माझ्याकडे बघायला लागले. मला तर सगळं पाठ होतं.

"छत्तीसची कंबर होती. पाच महिन्यांत बत्तीस झाली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "जुलाब म्हणजे लक्षण. चार दिवसांत थांबले तर ठीक. महिनोन्महिने चालले तर पोट काहीतरी सांगत असतं. गोळ्यांनी तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत."

तपासणीत आतड्यात गाठ निघाली. बरीच पसरली होती. ऑपरेशन करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरी आल्यावर काही दिवसांनी बाबांनी मला जवळ बोलावलं. पँटच्या कमरेला मागे जादाच्या कापडाच्या घड्यांचा जाड थर झाला होता आणि पाठीला आता हाडंच होती.

"ते कापून टाक गं. टोचतं."

मी कात्री आणली. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, तरी कापलं, आणि वाकडं कापलं. एरवी सूतभर चुकलं तरी दिवसभर ऐकवायचे. त्यांनी त्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "छान झालंय."