सबटायटल्सवाली डिस्क

आमचे हे मॉस्कोत सहा वर्षं इंजिनियरिंग शिकून लंडनला आले, असं लग्न ठरवताना आम्हाला सांगितलं होतं. पुरावा म्हणून हॉलमध्ये रशियन डिग्री टांगलेली. तिथल्या एकाही मित्राचं कधी साधं पत्र आलं नाही, हे मला आधीपासून खटकायचं.

दर गणपतीत वेम्बलीच्या आमच्या घरी मंडळी जमली, की ह्यांच्या जुन्या सोव्हिएत सिनेमाची कॅसेट लागायची. वाळवंट, घोडे, बंदुका आणि दरोडेखोरांना तव्याने बडवणारा आचारी. प्रत्येक रशियन वाक्य हे मराठीत सांगायचे आणि लोक हसून लोळायचे. वीस वर्षं मीही हसले, मूर्खासारखी.

२००५च्या गणपतीत आमच्या वरदने बाबांसाठी त्याच सिनेमाची डीव्हीडी आणली. इंग्लिश सबटायटल्सवाली.

दरोडेखोर ओरडला. हे सवयीने म्हणाले, "आचाऱ्या, तुझी मुंडीच उडवतो!" खाली मात्र आलं, की माझा घोडा कुणी पाहिला का. नायिका रडली. हे म्हणाले, "मला माहेरी सोडा!" खाली आलं, की माझा भाऊ गेला.

लोक आणखीच हसले. मी नाही.

"सबटायटल्स चुकीची आहेत," म्हणत ह्यांनी ती घाईघाईने बंद केली.

पाहुणे गेल्यावर मी डिग्रीची फ्रेम खिळ्यावरून काढून ह्यांच्या हातात दिली. "अहो, काय लिहिलंय ते जरा वाचून दाखवा."

"थांब, चष्मा आणतो," हे म्हणाले.

चष्मा नाकावरच होता.