खंडोजीचे बैल आणि पाचाचा भोंगा

“आज पावनं यायच्यात, आन् तुमी नांगर घेऊन कुठं निघालाय?”

रविवारी सकाळी गोजराबाईचा आवाज माझ्या परसात ऐकू आला, तशी मी हातातलं काम टाकून कुंपणाशी गेले. शेजारणीनं एवढं तरी करावंच.

“येतो की दुपारी. खालच्या पट्टीचं स्वल्प राहिलंय,” तिचा नवरा खंडोजी म्हणाला, आणि बैल हाकून निघालासुद्धा.

त्याचं हे ‘स्वल्प’ सगळ्या गावाला ठाऊक होतं. बेंगळूरहून होसकोट्याला जायच्या वाटेवर आमचं गाव. सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. गावात खंडोजीइतका राबणारा माणूस नव्हता, आणि घराला त्याच्याइतका परकाही कुणी नव्हता. नाचणी निघाली की नांगर, नांगर सुटला की मोट, मोट सुटली की कुंपण. लेकीच्या बारशाला हा पोचला तेव्हा पाळणा काढून ठेवला होता. तीच लेक तानू लग्नाची झाली, बघायला पाहुणे आले, तेव्हाही हा शेतात नांगराचं तास घालत बसला. आमच्यात मुलीच्या बापानं आपल्या हातानं सुपारी फोडल्याशिवाय सोयरीक ठरत नाही. पाहुण्यांनी वाट बघितली, पोहे खाल्ले, पुन्हा वाट बघितली आणि उठून गेले. बाप तोंड लपवतो म्हणजे पोरीतच खोट असणार, असं जाताना चार घरी बोलूनही गेले. तानू दोन दिवस माझ्या परसात येऊन रडली. मला त्या खंडोजीचा असा राग आला होता म्हणून सांगू!

गोजराबाईनं मात्र रागावणं सोडलं आणि डोकं चालवलं. रस्त्यापलीकडे नवा कारखाना निघाला होता. पाच वाजता त्याचा भोंगा व्हायचा. दिवस थंडीचे, अवरेकाईचे, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे. आम्ही बायका दुपारभर तिच्या अंगणात त्या शेंगा सोलत बसायचो. भोंगा झाला की गोजराबाई टरफलांची पाटी दारात मांडायची, वर गुळाचा खडा. बैलांना त्याची अशी चटक लागली की भोंगा ऐकला रे ऐकला की ते तास अर्धा टाकून, शेपट्या वर करून, नांगरासकट घराकडे सुटायचे. मागं नांगराचं रुमणं धरून खंडोजी “हो हो हो” करत फरपटत यायचा.

“बैल बिघडल्यात,” तो म्हणायचा.

“घरात कुणीतरी सुधारलं म्हणायचं,” गोजराबाई म्हणायची आणि त्याच्यापुढं ताट ठेवायची.

म्हणून त्या रविवारी ती निवांत होती. होसकोट्याहून विठोजी आपल्या मुलाला, कृष्णातला, घेऊन आले. पोरगा त्याच कारखान्यात फिटर. पोहे झाले, तानू पदर सावरून पाटावर बसली.

“यजमान कुठं दिसंनात?” विठोजींनी विचारलं.

“यायलेत की अण्णा. पाचाच्या भोंग्याला येत्यातच.”

कृष्णात हळूच म्हणाला, “आज रईवार न्हवं? आज कुठला भोंगा?”

गोजराबाईचं तोंड उतरलं. रविवारी आम्ही साऱ्या बाजारला जायचो. त्या दिवशी भोंगा गप असतो हे एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. मी तशीच शेताकडे पळाले.

“खंडूअण्णा, चला! पावनं उठायला लागलं!”

“जा म्होरं, अक्का. स्वल्प राहिलंय.”

बैल बिचारे घराकडेच बघत होते. मी हात हलवत परत आले. विठोजी फेटा नीट करून उभे राहिले होते. “शेवटची मोटार चुकंल, बाई. सुपारीचं राहू द्या.”

गोजराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात तानू पाटावरून उठली. पदर कमरेला खोचला, अंगणाच्या कडेला गेली, तोंडाभोवती हात धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “भोंऽऽऽऽऽऽ!”

चिंचेवरचे कावळे उडाले. कृष्णात ताडकन उठला, चपला घातल्या, पुढ्यातला पाण्याचा तांब्या जेवणाचा डबा समजून काखेत मारला आणि फाटकाकडे सुटला. फाटकातून आत बैल येत होते. पोरानं कट्ट्यावर उडी मारली म्हणून वाचला. मागोमाग नांगर आला आणि नांगराला धरून खंडोजी, एका पायात वहाण. पाटी मांडायचं कुणाला सुचलंच नव्हतं, तेव्हा बैलांनी विठोजींच्या बशीतले उरलेले पोहे साफ केले.

“तू रं कुठं निघालास?” विठोजी मुलावर खेकसले.

“घरी,” तो लाजून म्हणाला. “भोंगा झाला न्हवं?”

“रोज असंच उठतंय?” गोजराबाईनं डोळे पुसत विचारलं.

“असाच हाय बघा,” विठोजी कुरकुरले. “सायेब जादा कामाला थांब म्हणतोय, तर ह्यो ऐकत न्हाई. भोंगा झाला की घरात हजर.”

गोजराबाई नवऱ्याकडे वळली. “सुपारी फोडा!”

“अगं पर, पोराची चवकशी तरी...”

“भोंगा झाला की घरी येतंय. आनी काय विचारायचंय?”

तानू पदराआड खुदखुदत होती. खंडोजीनं सुपारी फोडली. मग सवयीनं शेताकडे पाय वळवला, पण बैल अंगणात फतकल मारून बसले होते. गुमान आमच्यात येऊन बसला आणि सोलायला ठेवलेली शेंग हातात घेतली. पहिलाच दाणा उडून विठोजींच्या कपाळाला लागला.

“पर रईवारी भोंगा वाजवला कुणी?” तो विचारत राहिला. आम्ही कुणी सांगितलं नाही.

माघात तानू सासरी गेली. त्यानंतर रविवारी पाचला सगळं गप असायचं, तरी खंडोजीचे बैल तासात उभे राहायचे. आम्ही आता बाजारातून लवकर परतायचो, मी कुंपणातून बघायची ना. बैल नव्हते थांबत, तोच थांबायचा, घराकडे कान लावून. जरा वेळ उभा राहायचा, मग नांगर सोडून बैलांना हाकत घरी यायचा आणि गोजराबाईशेजारी शेंगा सोलायला बसायचा.