पपांचं मत

गास्तों झैतून खुब्याचं हाड मोडून सार्सेलच्या रुग्णालयात पडले होते. शहाऐंशीव्या वर्षी हाड काही लगेच जुळत नाही. मतदानाला जाता येणार नाही म्हणून त्यांनी रीतसर लेकीला, आर्लेतला, आपल्या वतीने मत द्यायला नेमलं. रविवारी तिने स्वतःचं मत टाकायचं आणि त्यांचंही. कुणाला टाकायचं ते तोंडी सांगायचं. लेकीने ऐकलं की नाही, हे तपासायची सोय कायद्यात नाही. तिथे सगळा मामला विश्वासाचा.

शुक्रवारी ती पकाईला नावाची पालक-घेवड्याची भाजी डब्यात घालून गेली आणि पपा जेवत असताना सहज म्हणाली, "नेहमीचंच ना? डावे?"

"नाही. त्या दुसऱ्याला," पपा म्हणाले.

दुसऱ्या फेरीत दोघेच उरले होते. एक डावा. दुसरा ज्या कट्टर उजव्या पक्षाचा, त्या पक्षाची पोस्टरं पपांनी तरुणपणी गावभर फाडली होती. दिवसभर बस चालवून यायचे आणि जेवण झालं की खळीची बादली उचलून डाव्यांची पोस्टरं डकवायला निघायचे. त्या लोकांनी एकदा त्यांचा दात पाडला होता. तो किस्सा ऐकून ऐकून घरातल्यांचे कान किटले होते.

"पपा, औषध डोक्यात गेलं का?"

"डोकं ठिकाणावर आहे माझं. आपल्या सिनेगॉगच्या भिंतीवर ज्यूंविरुद्ध ती घाण लिहिली, तेव्हा कोण आलं? आपले डावे आले? आपल्यांना आठवडाभर शब्द सुचेनात. हा दुसरा सकाळीच फुलं घेऊन हजर."

"फुलं काय, कुणीही आणतं. त्याचे जुने लोक आपल्याबद्दल काय बोलायचे, ते तुम्हीच सांगायचात ना?"

"सांगायचो. आता ते तसं दुसऱ्या लोकांबद्दल बोलतात."

"मग ते बरं आहे?"

पपांनी चमचा खाली ठेवला. "बरं आहे असं मी म्हटलं? वाद घालू नकोस, आर्लेत. सांगितलंय तेवढं कर."

झालं. बाई कात्रीत सापडली. घरी नवऱ्याला सांगितलं तर सर्ज खूश. "म्हातारा शेवटी शुद्धीवर आला," म्हणाला. तो गेली दोन वर्षं शुद्धीवर होता, आणि ते सगळ्यांना ऐकवतही होता. आर्लेतला त्याचा राग आला. पण डाव्यांवर तीही चिडलीच होती. दाराच्या चौकटीवरची मझुझा, ज्यू घराची ती खूण, तिने स्वतःच्या हाताने काढून आतल्या बाजूला ठोकली होती, शेजारपाजाऱ्यांना दिसू नये म्हणून. तेव्हा तिच्या पक्षातलं कोण विचारायला आलं होतं? पण म्हणून त्या दुसऱ्यांना? विचार करून करून डोकं भंडावलं. पपांचं ऐकावं तर पपांच्याच उभ्या आयुष्यावर पाणी. न ऐकावं तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं मत चोरल्यासारखं.

रविवारी शाळेसमोर रांगेत मिरेय भेटली. जुनी मैत्रीण, जिभेला हाड नाही.

"काय गं, चेहरा का असा पाडलास?"

"दोन मतं आहेत माझ्याकडे."

"नशीबवान आहेस. मला एकच कुठे टाकावं कळेना. मुलगा इकडे, सून तिकडे, नवरा म्हणतो घरी बसतो. टेबलावर मिठाची वाटीसुद्धा सरळ मागत नाहीत एकमेकांकडे."

"आणि तू?"

"मी? पडद्याआड गेल्यावर ठरवीन," मिरेय म्हणाली आणि हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

आर्लेतने दोन्ही उमेदवारांच्या नावांच्या चिठ्ठ्या उचलल्या, लिफाफे घेतले आणि पडद्याआड गेली. पपांच्या लिफाफ्यात तिने त्या दुसऱ्याची चिठ्ठी घातली. मत त्यांचं आहे, आपण फक्त पोस्टमन, असं स्वतःला बजावलं. मग स्वतःच्या लिफाफ्याची पाळी आली. डाव्याची चिठ्ठी दोनदा आत घातली, दोनदा बाहेर काढली. बाहेर रांगेत कुणीतरी खाकरलं. शेवटी तिने तो लिफाफा रिकामाच बंद केला. दोन्ही पेटीत पडले.

तिथून ती थेट रुग्णालयात गेली. पपा उशीला टेकून तिची वाटच पाहत होते.

"टाकलंस?"

"टाकलं. तुम्ही सांगितलंत त्यालाच."

पपा तिच्याकडे बघतच राहिले. "आणि तुझं?"

"रिकामं."

"म्हणजे आपल्या दोघांचं मिळून एकच मत गेलं. माझं. त्यांना."

"तुम्हीच सांगितलं होतंत ना?" आर्लेतचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मान वळवली.

"तू माझं कधी ऐकलंयस?" पपा हळूच म्हणाले. "शिक्षण सोड म्हटलं, सोडलं नाहीस. सर्जशी करू नकोस म्हटलं, केलंस. पन्नास वर्षं ऐकलं नाहीस. मला वाटलं, हेही ऐकणार नाहीस. म्हणून तर तुला नेमलं."

आर्लेतला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा रडावं की या माणसाला गदागदा हलवावं, तेही कळेना. शाळेतली पेटी अजून उघडली नव्हती, पण तिच्यातून आता काही परत काढता येणार नव्हतं.

"मग तसं सांगायचं ना, पपा. नुसतं एकदा सांगायचं."

पपांनी पांघरुणाची कड मुठीत धरली होती.

"सांगितलं असतं तर मला अजून आपलेच हवेत, हे आधी स्वतःशी कबूल करावं लागलं असतं, पोरी," ते म्हणाले. "आणि मी फार रागावलो होतो. अजूनही आहे."