बाबांचं रडणं

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात गेला, जीभ जड झाली आणि रडणं आलं. हाताचं आणि जिभेचं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. रडण्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता.

उभ्या जन्मात हा माणूस रडला नव्हता. बसच्या आगारात ते नियंत्रक होते. त्यांच्या आवाजामुळे ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना पाठीमागे 'भोंगा' म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. स्वतःची आई गेली त्या आठवड्यातही त्यांची एक पाळी चुकली नाही. बायको सिनेमा बघताना डोळे पुसायला लागली की म्हणायचे, "पाऊस पडद्यावर पडतोय, तू कशाला भिजतेस?" हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता की पुढे पुढे तीच तो त्यांच्याआधी पुरा करून मोकळी व्हायची.

आता ती राहिली नव्हती, आणि बाबा रोज दुपारी टीव्हीसमोर बसून हमसून हमसून रडत होते. म्हाताऱ्या नावाड्याची नाव विकली गेली, रडले. हरवलेलं कुत्रं घरी आलं, तरी रडले. एखाद्या मुलीनं नुसती बॅग भरायला घेतली की ती कुठे निघालीय हे कळायच्या आतच यांचा चेहरा वाकडा व्हायचा.

त्यांची मुलगी त्याच खोलीत खिडकीशी शिलाई मशीन लावून बसायची. लोकांच्या पँटी आखूड करणं, चेन बदलणं, जाड झालेल्यांचे कपडे शिवण उसवून सैल करणं, अशी कामं ती घरबसल्या करायची. बाबा रडायला लागले की ती मशीन थांबवून उठायची, त्यांचं नाक पुसायची, पाणी पाजायची आणि परत येऊन बसायची. तिनं एकेकाळी आईच्या मांडीला मांडी लावून असेच सिनेमे बघितले होते आणि आईच्या जोडीनं रुमाल ओले केले होते. आता पडद्यावर कुणी मरायला टेकलं की तिच्या मनात यायचं, याचं अंथरूण कोण बदलत असेल? रडायलासुद्धा अंगात जोर लागतो. तिचा सगळा जोर सकाळी बाबांना उठवून बाथरूमपर्यंत नेण्यातच संपत असे.

एका रविवारी तिचा धाकटा भाऊ आला. तो नेमका नावाड्याच्या सिनेमाच्या वेळी आला. बाबांची अवस्था बघून त्यानं चपला काढायच्या आधी टीव्ही बंद केला.

"ताई, तू हे त्यांना बघू कसं देतेस? किती त्रास होतोय त्यांना."

"त्रास होतोय असं तुला कुणी सांगितलं?"

"दिसतंय की. आजारी माणसाला कुणी असं रडवतं का?"

बाबा डाव्या हातानं खुर्चीचा हात आपटत होते आणि टीव्हीकडे बोट करत होते. भावानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "शांत व्हा, बाबा, लावत नाही मी ते." तिला वाद घालायचा कंटाळा आला. ती चहा टाकायला आत गेली.

त्या आठवड्यात टीव्ही बंदच राहिला. बाबा रडले नाहीत. पण जेवायलाही कुरकुर करायला लागले, आणि हाताचा व्यायाम घ्यायला गेलं की मूठ घट्ट मिटून ठेवायचे. तपासणीच्या दिवशी तिनं डॉक्टरांना एकदाचं विचारून टाकलं, "हे रडणं खरं आहे की आजार आहे?"

डॉक्टरही दमलेल्या होत्या. बाहेर खुर्च्या भरलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "झटक्यानंतर काहींचं असं होतं. मेंदूचा ब्रेक सैल होतो. आपण जे आवरतो ते त्यांना आवरत नाही."

"म्हणजे आत काहीतरी असतं."

"काही वेळा असतं, काही वेळा नुसताच चेहरा रडतो. ते त्यांनाच विचारायला हवं. गोळी देऊ शकते मी. हवी आहे का?"

"विचारून सांगते," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं बाबांच्या पायातले बूट काढले आणि जमिनीवर बसल्या बसल्याच विचारलं, "बाबा, सिनेमा बघताना तुम्हाला खरंच वाईट वाटतं, की आपोआप रडू येतं?"

बाबांनी बराच वेळ शब्दांची जुळवाजुळव केली. मग म्हणाले, "स्कूटर."

"स्कूटरचं काय?"

"काढायला... जायचो."

तिला आठवलं. थिएटरमध्ये शेवट जवळ आला की बाबा उठायचे. नंतर गर्दीत स्कूटर निघत नाही म्हणून पुढे होऊन काढून ठेवायचे. ती आणि आई बाहेर यायच्या तेव्हा ते पाठमोरे उभे राहून फडक्यानं सीट पुसत असायचे. एकाही सिनेमाचा शेवट त्यांनी बघितला नव्हता. पोरांना ते शिस्तीचं वाटे, आणि भाऊ तर त्यांची नक्कल करून दाखवायचा.

"रडायला जायचात?"

बाबांनी डावा हात हवेत उडवला, जणू तिनं फारच बावळट प्रश्न विचारला होता.

"आईला माहीत होतं?"

"तिला," बाबा म्हणाले, "सगळंच."

तिनं टीव्ही लावला. गोळीचं तिनं डॉक्टरांना 'नको' म्हणून कळवलं, आणि भावाला फोन करून म्हणाली, "आठवडाभर बाबांना तुझ्याकडे ने. मी थकलेय. आणि दुपारी त्यांना सिनेमा लावून दे." भाऊ पहिल्या वाक्यावर "नेतो" म्हणाला. दुसऱ्या वाक्यावर "बघू" म्हणाला.

बाबा भावाकडे गेले त्या दिवशी ती दुपारभर झोपली. दुसऱ्या दिवशीही झोपली. मग घर अंगावर यायला लागलं म्हणून चालत चालत जवळच्या थिएटरला गेली आणि जो लागला होता त्या सिनेमाचं तिकीट काढलं. तो विनोदी निघाला. एक जाडा माणूस लग्नात चुकीच्या खोलीत शिरतो आणि कपाटात अडकतो, असं काहीतरी चाललं होतं. लोक खिदळत होते. जाड्या कपाटाच्या आतून दार ठोठावत "अहो, कुणी आहे का?" म्हणाला आणि तिला रडू फुटलं. आधी तिला वाटलं, ठसका लागलाय. मग थांबेचना. शेजारच्या बाईनं मांडीवरची पर्स दुसऱ्या बाजूला घेतली, थोड्या वेळानं पुन्हा इकडे घेऊन त्यातून कागदी रुमाल काढला आणि पडद्यावरची नजर न हलवता तिच्या हातात दिला. ती मध्येच उठली नाही. नावं वर सरकून दिवे लागेपर्यंत बसून राहिली. बाहेर आली तेव्हा डोकं जड होतं आणि कडकडून भूक लागली होती.

आठवडा संपल्यावर भाऊ बाबांना घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता. बाबांना खुर्चीत बसवून तो स्वयंपाकघरात आला.

"दोन दिवस मी टीव्ही लावलाच नाही. घास घेईनात. मग लावला. रडले खूप, आणि मग मुकाट्यानं सगळं जेवले."

"तू बसलास बरोबर?"

"छे. मी गॅलरीत गेलो. झाडांना पाणी घालायचं होतं."

"रोज?"

तो ओट्यावरचं झाकण उगाच सरळ करायला लागला. तिनं पुढे छेडलं नाही. तिनं त्याच्या हातात चहाचा कप दिला, दुसरा बाबांसाठी बशीत ओतला आणि म्हणाली, "आज मी जरा आडवी होते. तू बस त्यांच्याजवळ. रडले तर रडू दे, फक्त नाक पुस."

आतल्या खोलीत पडल्या पडल्या तिला टीव्हीवरचं संगीत ऐकू आलं, मग बाबांचं सुरू झालं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भाऊ उठला असावा असं तिला वाटलं. पण दार वाजलं नाही. जरा वेळानं त्याचा घसा बसल्यासारखा आवाज आला, "बाबा, हा कोण आहे तिचा? भाऊ का?"

बाबा काय म्हणाले ते ऐकायच्या आत तिला झोप लागली.