कॉमिक्सची खोली आणि चमचाभर दही

तारळेकरांच्या लहान खोलीत कुणी बोललं की आवाज येत नसे. बोलणं डोक्यावर पांढऱ्या फुग्यात छापून यायचं, फुग्याचं टोक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळलेलं असायचं, आणि वाचून झालं की फुगा सावकाश वर जाऊन छताला चिकटायचा. दर शनिवारी माणिक जळमटं काढायच्या काठीनं ते फुगे पाडायची आणि सुपलीत भरून टाकून द्यायची. त्या खोलीत तिच्या नवऱ्याची, अच्युतची, कॉमिक्स होती. जमिनीपासून छतापर्यंत नुसती कॉमिक्स, लहानपणापासून जमवलेली, आणि ती असतील तिथं हे असं व्हायचंच. लग्न करून मिरजेत आल्यापासून तिनं ते चालवून घेतलं होतं. दुसऱ्यांच्या घरी भिंतीला ओल असते, यांच्याकडे हे होतं.

पंचाईत झाली ती आई आल्यावर. माणिकची आई गडहिंग्लजहून कायमची राहायला आली. काचबिंदूनं तिची नजर पार गेली होती. चार माणसांचं बोलणं ऐकावं, आपण दोन शब्द बोलावेत, एवढाच तिचा विरंगुळा उरला होता. आणि तिची खाट मांडायला जागा एकच, लहान खोली. पहिल्या दिवशी माणिकनं तिला खाटेवर बसवलं, हातात कप दिला आणि विचारलं, "साखर बरोबर आहे ना?" फुगा वर गेला. आई कप धरून वाट बघत राहिली. थोड्या वेळानं तिच्याही डोक्यावर फुगा आला: "माणिक, गेलीस का गं? कुणीच कसं बोलत नाही या घरात?" माणिक तिला खेटूनच बसली होती. तिनं आईचा हात दाबला, पण हात दाबून माणूस किती सांगणार. तिला रडूच आलं.

"ही कॉमिक्स घरातून जाणार," ती बाहेर येऊन अच्युतला म्हणाली.

"मी कुठं नाही म्हणतोय?" अच्युत म्हणाला.

या माणसानं जन्मात कशाला नाही म्हटलं नव्हतं, आणि जन्मात तो कशासाठी जागचा हलला नव्हता. निवडून ठेवतो म्हणून तो खोलीत गेला, एक कॉमिक उघडून बसला, आणि त्याच्या डोक्यावर ढगासारख्या कडेचा फुगा उमटला: "चार दिवसांत विसरेल." त्या खोलीत विचारसुद्धा दिसायचे. इतक्या वर्षांत हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण स्वतःच्या डोक्यावर बघायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

माणिक विसरली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं रद्दीवाल्या रमजानभाईंना बोलावलं. त्यांनी हातगाडीवर गठ्ठे रचले आणि शेवटचा गठ्ठा डोक्यावर घेऊन ते दारात आले. तेव्हा माणिकनं जे केलं ते तिच्या ध्यानातही आलं नाही. कुणी कामाला निघालं की त्याच्या हातावर चमचाभर दही घालायचं, ही तिच्या माहेरची रीत. दही खाऊन निघालेला माणूस काम फत्ते करून सुखरूप घरी परत येतो. आईचं बघून तिला सवय लागली होती आणि हात आपोआप चालत होता. रमजानभाईंनी दही चाटलं, हात लुंगीला पुसला आणि ते गेले.

संध्याकाळी कॉमिक्स जागेवर होती. रमजानभाईही होते. डोक्यावर गठ्ठा घेऊन ते खोलीच्या मधोमध उभे होते आणि त्यांच्या अंगाभोवती शाईनं ओढल्यासारखी काळी रेघ आली होती. त्यांच्या डोक्यावर फुगा आला: "वहिनी, मी तर दुकानाचं शटर ओढत होतो."

"मग इथं कसे?" माणिकचा फुगा.

"तेच तर विचारतोय." ते गठ्ठ्यावर टेकले. त्यांना जाता येईना. दारापर्यंत जायचे आणि खोलीतच पोचायचे.

एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं. खोलीतली मुकी हवा आता घरातल्या बोळातही आली. आईची खाट अडचणीत का होईना, हॉलमध्ये आणावी लागली. मग माणिकनं शाळेच्या ग्रंथालयाच्या होनगेकर मॅडमना गाठलं. त्या टेम्पो घेऊन आल्या, मुलांना फार आवडतील म्हणाल्या, दही खाऊन गेल्या, आणि दिवेलागणीला कॉमिक्ससकट खोलीत परत आल्या. पर्स खांद्याला, काळी रेघ अंगाभोवती. हॉल मुका झाला. टीव्ही लावला की बातमीदाराच्या डोक्यावर फुगे यायचे आणि पडद्याबाहेर निघून पंख्यात अडकायचे. आईची खाट स्वयंपाकघरात आली.

"आता तुम्ही न्या," माणिक नवऱ्याला म्हणाली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. "कुठंही न्या. नदीत घाला."

"मी कुठं नाही म्हणतोय?" अच्युत म्हणाला. या वेळी मात्र तिनं त्याला ढकलूनच दारापर्यंत आणलं, रिक्षात गठ्ठे भरले, हातावर दही घातलं आणि वाटेला लावलं. तो सांगलीच्या मित्राकडे गेला आणि कॉमिक्ससकट परत आला. काळ्या रेघेत तो उलट जरा बरा दिसत होता. "बघ, नेऊन बघितली," त्याचा फुगा म्हणाला. "झालं समाधान?"

मुकेपणा स्वयंपाकघरात शिरला. कुकरची शिट्टी व्हायची थांबली. तिच्याऐवजी तांबडी मोठी अक्षरं झाकणावर उठायची आणि कढीपत्त्याच्या डब्यावर जाऊन पडायची. आवाज उरला तो फक्त मोरीपाशी, एक खुर्ची मावेल एवढ्या जागेत. आईला तिथं बसवलं. पाय लांब करायची सोय नाही, पाठीला ओली भिंत. माणिक भांडी घासायला आली की दोघी बोलायच्या, आणि ती वळली की आई एकटी पडायची.

"मी काय गुन्हा केलाय गं?" आई एकदा म्हणाली. "मला परत गडहिंग्लजला धाड. तिथं माणसं रागावून का होईना, बोलायची तरी माझ्याशी."

माणिकच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

त्या दुपारी तिनं लहान खोलीत पानं वाढली. माणसं जेवायला बसायची तेवढी बसत होती, त्यांना काय, आयतं होतं. भातावर घालायला तिनं तुपाचं भांडं पुढे केलं तेव्हा रमजानभाईंनी नको म्हणून तळहात दाखवला. तळहाताच्या मध्यावर दह्याचा ठिपका होता, ओला, पांढरा, नुकता घातल्यासारखा. तिनं मॅडमचा हात पाहिला. अच्युतचा उलटा करून पाहिला. तिघांच्याही हातावर दही होतं आणि ते धुतलं तरी जात नव्हतं.

"काय झालं?" अच्युतचा फुगा आला.

"काही नाही. जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दह्याचं सगळं भांडं मोरीत ओतलं, घासून पालथं घातलं. आपल्या हाताचा भरवसा तिला उरला नव्हता. मग आईचं जुनं नऊवारी हॉलमध्ये पसरलं आणि सगळी कॉमिक्स त्यात बांधली. इतकं मोठं बोचकं, पण डोक्यावर घेतलं तर उशीएवढं हलकं लागलं. अच्युत खोलीतल्या बाकावर बसून मोकळ्या भिंतींकडे बघत होता. "मी गेलो असतो की," त्याचा फुगा म्हणाला. त्याच्या वरचा ढगातला फुगा कोरा होता.

मोरीपाशी आईला चाहूल लागली. "कोण निघालंय? हातावर दही घाल गं त्याच्या."

"घालते," माणिक म्हणाली आणि बाहेर पडली.

तिच्या हातावर दही नव्हतं, आणि त्यात तिला वेगळं काही वाटलं नाही. या घरात आल्यापासून तिच्या हातावर कुणी कधी दही घातलं नव्हतं. भाजी, दळण, बँक, दवाखाना, सगळीकडे ती जाऊन यायची, पण तिचं जाणं कुणी जाणं म्हणून धरतच नव्हतं. आज ती पहिल्यांदा कामाला निघाली होती.

स्टँडवर एक लाल गाडी सुटायच्या बेतात होती. पाटीवर गावाचं नाव नव्हतं. माणिकनं बोचकं मागच्या सीटवर ठेवलं.

"सोबत कोण?" कंडक्टरनं विचारलं.

"कुणी नाही."

त्यानं घंटी मारली आणि गाडी गेली.

परत आपल्या इमारतीच्या जिन्याशी पोचली तेव्हा तिला वरून आवाज ऐकू आले. खरे, कानानं ऐकू येणारे. रमजानभाई खोकत होते. मॅडम कुणाला तरी पंखा बंद करायला सांगत होत्या. आणि लहान खोलीच्या खिडकीतून आईचा आवाज येत होता, खणखणीत, गडहिंग्लजच्या कुठल्यातरी लग्नातली गोष्ट सांगणारा, आणि ऐकणारे हसत होते. माणिकला इतकं बरं वाटलं की ती कठड्याला धरून जरा वेळ उभीच राहिली.

मग ती चढायला लागली. पहिल्या मजल्यावर बंद दार होतं, कडीला दुधाची पिशवी, दाराबाहेर अंगठा तुटलेली निळी चप्पल. दुसऱ्या मजल्यावर बंद दार, दुधाची पिशवी, निळी चप्पल. त्याच्या वरही तेच. माणिकनं चप्पल पायानं उलटी केली आणि वर गेली. वरची चप्पल उलटी होती.

"आई," तिनं हाक मारली.

"आलीस? ये की वर. चहा टाकायचाय सगळ्यांचा." आवाज एकच मजला वरून येत होता.

"येतेय, पण जिना सरत नाहीये."

"नीट बघून चढ," अच्युत वरून म्हणाला.

ती आणखी चढली. चप्पल उलटी होती. आईची काठी कठड्याला लागल्याचा आवाज आला.

"माणिक, जाताना हातावर दही घेतलं होतंस ना गं?"

"कोण घालणार, आई?"

वर आता आवाजाला काही अडकाठी नव्हती, तरी कुणी बोललं नाही. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "जावईबापू, दही आणा."

"दही कुठं असतं?" अच्युतनं विचारलं.

भांडी वाजली. कपाट उघडलं, मिटलं. "भांडं तर पालथं घातलंय," तो म्हणाला. "विरजणापुरतंसुद्धा नाही."

माणिक पायरीवर टेकली. तिचे पाय दुखत होते. सगळं आयुष्य या घरच्या विरजणात गेलं आणि नेमकं आजच नव्हतं, याचा तिला संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

"तुमच्या हातावर आहे," आई म्हणाली. "मला वास येतोय. हात पुढे करा, चमच्यानं खरवडून घेते."

"मग मी...?" अच्युत म्हणाला.

"ते मला ठाऊक नाही. हात पुढे करा."

"मी कुठं नाही म्हणतोय?" अच्युत म्हणाला.

माणिक उठली. दोन जिन्यांच्या मधल्या फटीतून तिनं वर पाहिलं. आईचा हात कठड्याबाहेर आला होता, चमचा धरलेला, रिकामा. माणिकनं आपला तळहात त्याच्या बरोबर खाली धरला आणि खरवडल्याचा आवाज येतोय का, ते ती ऐकत राहिली.