जांभळ्या गाजराचं पाणी

चमत्कारी बाबांच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर काचेच्या भांड्यात जांभळं पाणी. रोग्याने त्यात बोट बुडवायचं, बाबा "रोगा, चालता हो!" म्हणत वरून ओला रुमाल पिळायचे, आणि पाणी लालभडक! रोग इतका आज्ञाधारक असतो हे मला तेव्हाच कळलं.

माझ्या धाकट्या बहिणीचं पाणी लाल झालं आणि तिने मधुमेहाची इंजेक्शनं बंद केली. दोन दिवसांत तिला उभं राहवेना. तिला दवाखान्यात टाकावं लागलं.

"दादानेच नेलं होतं मला," ती म्हणाली. "तो कशाला खोटं सांगेल?"

दादा आणि मी भाजीचा गाळा चालवतो. आमची जांभळी गाजरं पडून राहायची. गिऱ्हाईक नाक मुरडायचं, "ही नासलीत, खरी द्या, केशरी."

दादा छाती फुगवायचा, "अहो, जुनी गाजरं जांभळी नि पिवळीच असायची. केशरी तर कालचं पोर!"

ऐकतो कोण? उरलेली पोती तो बाबांच्या गाईंसाठी न्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळसापोटी मी मोडकी गाजरं भिजत पडलेल्या टबातच फुटकी लिंबं टाकली. जांभळं पाणी लाल झालं. मला बाबांचं काचेचं भांडं आठवलं, आणि दादाने तिकडे नेलेली पोतीही.

बाबांच्या पुढच्या सभेत गाजराचं पाणी आणि लिंबू घेऊन मी मंचावर चढलो. "बाबा, माझाही रोग काढतो, बघा!" लिंबू पिळलं, पाणी लाल. लोक उठून उभे राहिले. मी बाबांचा रुमाल ओढून पहिल्या रांगेत फिरवला, "चाखा!"

"आंबट आहे की हो!"

त्याच रांगेत बसलेल्या दादाने चाखला नाही. त्याला चव माहीत होती.

मी त्याला तसाच बहिणीच्या खाटेपाशी नेला.

"दादा, तुला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"मला वाटलं, नुसता रंगच तर आहे. बाबा चारचौघांत मान द्यायचे गं..."

"आणि माझं इंजेक्शन?"

मला त्याची इतकी चीड कधीच आली नव्हती.

बहीण वाचली. म्हणून सांगतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. चमत्कार दिसला की पुरावा मागा, सांगणारा सख्खा भाऊ असला तरी मागा. आम्ही मागितला नाही, कारण तो आमचा दादा होता.